ब्रेकच्या नळीतील हवा

डोंगरवाटांवर, खडीवर आणि चिखलात धावण्यासाठी बनविलेल्या डर्टबाइकच्या पुढल्या ब्रेकची दांडी उजव्या हाताच्या दोन बोटांनी थेट मुठीपर्यंत दाबली, तरी तिच्यामागच्या नळीतून जो द्रव पुढे सरकतो त्याचे प्रमाण एका मिलिलिटरच्या आसपासच असते. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारा लहान चमचा पाच मिलिलिटरांचा असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे शंभर-दीडशे किलो वजनाचे यंत्र आणि त्यावर आरूढ झालेला मनुष्य यांना तीव्र उतारावर थोपवून धरण्याची जबाबदारी किती अल्प द्रवावर सोपविलेली आहे याची कल्पना येईल. त्याच नळीत हरभऱ्याच्या दाण्याएवढा हवेचा एक बुडबुडा शिरला, तर या हालचालीचा सुमारे चौथा हिस्सा तो एकटाच गिळून टाकतो. आणि असे दोन-तीन बुडबुडे जमले, की दांडी मुठीला टेकते, बोटे मिटतात आणि चाक मात्र फिरतच राहते. हा बुडबुडा कोठून येतो, तो एवढा अनर्थ का करतो आणि त्याला बाहेर कसे घालवावे, याचा साद्यंत विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

ज्यांची उमेदीची वर्षे येझदी, राजदूत किंवा जुन्या बुलेटवर गेली, त्यांना या प्रश्नाचा परिचय नसणे स्वाभाविक आहे. त्या गाड्यांना ड्रम ब्रेक असत; पायाच्या पट्टीपासून मागच्या चाकापर्यंत लोखंडी सळई आणि हाताच्या दांडीपासून पुढच्या चाकापर्यंत तारेची केबल जाई, आणि ब्रेक सैल पडला म्हणजे सळईच्या टोकाचा नट दोन फेरे आवळला की काम भागे. दोष डोळ्यांना दिसे आणि हाताने दूर करता येई. द्रवदाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकला असा नटच नाही. पॅड झिजतील तसतसे त्यांना रेटणारे दट्टे आपोआप पुढे येतात आणि त्यांनी मागे सोडलेली जागा भरून काढण्यास ब्रेकच्या टाकीतील द्रव खाली उतरतो. हा बंदोबस्त इतका चोख असतो की पॅड संपत येईपर्यंत चालकाला त्याची वार्ताही नसते. परंतु ज्या व्यवस्थेचा सारा कारभार झाकलेल्या नळीत चालतो, तिच्यातील बिघाडही झाकलेलाच राहतो, आणि त्याची इतल्ला मिळते ती केवळ बोटांना. दगडाला टेकल्यासारखी जी घट्ट लागावयाची, ती दांडी ओल्या स्पंजासारखी दबू लागते. गॅरेजमधला मिस्त्री ती एकदा दाबून पाहतो आणि "एअर धरलीये" एवढेच म्हणतो. त्याचे हे निदान बहुधा खरे असते.

या दोन शब्दांचा पूर्ण अर्थ उमजण्यासाठी सतराव्या शतकातील फ्रान्सकडे वळले पाहिजे. बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब तसूभरही उणा न होता सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सिद्धांत ब्लेझ पास्कल या थोर गणितज्ञाने मांडला. त्याविषयीचा त्याचा प्रबंध त्याच्या निधनानंतर, १६६३ साली, प्रसिद्ध झाला. पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडे ठेवली आणि त्यांपैकी एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे केले, तर लहान तोंडावरील दट्ट्या रेटणारा एक मनुष्य मोठ्या तोंडावरील शंभर माणसांच्या बळाला तोलून धरील, असा दृष्टांत त्याने तेथे दिला आहे. इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात माल्कम लॉकहीड या अमेरिकन संशोधकाने ते तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लावले. १९२१ साली ड्यूझेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले. १९६९ साली होंडाच्या सीबी ७५० या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकावर द्रवदाबाचा डिस्क ब्रेक बसला. आणि १९८० नंतरच्या दशकात डर्टबाइकनेही ड्रम टाकून डिस्कचा अंगीकार केला.

पास्कलच्या दृष्टांताचा आपल्या गाडीवरील हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, दांडीजवळच्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्याचा व्यास ११ मिलिमीटर आहे आणि चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये प्रत्येकी २७ मिलिमीटर व्यासाचे दोन दट्टे आहेत. बोटांनी दांडीवर दहा किलोचा जोर दिला आणि दांडीच्या तरफेने तो सहापट केला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर साठ किलोचा रेटा येतो. त्या दट्ट्याचे क्षेत्रफळ एका चौरस सेंटिमीटरहून किंचित कमी असल्यामुळे नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला साठ किलोंच्या वर, म्हणजे आपल्या भोवतालच्या वातावरणाच्या दाबाच्या सुमारे साठपट, होतो. कॅलिपरमधील दोन दट्ट्यांचे एकत्रित क्षेत्रफळ मास्टर सिलिंडरच्या बारापट. तेव्हा तेथे निर्माण होणारा रेटा सातशे किलोंच्या घरात जातो. दोन बोटांच्या दहा किलोंतून सातशे किलो उभे राहतात. परंतु निसर्ग असे दान मोबदल्यावाचून देत नाही. बळ बारापट झाले, तर सरकण्याचे अंतर बारा पटींनी घटते. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या दहा मिलिमीटर पुढे गेला, तर कॅलिपरचे दट्टे एक मिलिमीटरदेखील हलत नाहीत. पॅड आणि चकती यांतील फट मुळातच कागदाच्या जाडीएवढी असते म्हणून हा व्यवहार परवडतो. पण या तुटपुंज्या अंतरातून कोणी चोरी केली, तर ती भरून काढण्यास पदरी शिल्लक काहीच नसते.

ही चोरी हवा करते. ज्या १६६२ साली पास्कल निवर्तला, त्याच साली रॉबर्ट बॉइल याने वायूचा नियम प्रसिद्ध केला: दाब जितक्या पटींनी वाढवावा तितक्या पटींनी वायूचे आकारमान घटते. साठ वातावरणांच्या दाबाखाली ब्रेकचा द्रव अर्ध्या टक्क्यानेही आकसत नाही. हवा मात्र आपल्या साठाव्या हिश्शापर्यंत दबते. हरभऱ्याच्या दाण्याएवढा बुडबुडा पाव मिलिलिटरचा धरला, तर दाबाखाली तो मोहरीच्या दाण्याएवढा होतो, आणि त्याने मोकळी केलेली जागा भरून काढण्यात दांडीचा चौथा हिस्सा प्रवास खर्ची पडतो. पॅड तोवर जागचे हललेलेही नसतात. दांडी सोडली की मोहरीचा पुन्हा हरभरा होतो आणि पुढल्या खेपेस तीच लूट नव्याने सुरू होते. हवेचा दुसरा गुण असा की ती द्रवाहून हलकी असल्यामुळे सदैव वरच्या बाजूस जाऊ पाहते आणि वाट नसेल तेथे वळणावर, खाचेत, उंचवट्याखाली दबा धरून बसते. हवा दबते आणि हवा वर चढते, या दोन गोष्टी ज्याच्या मनात नीट ठसल्या, त्याला हवा काढण्याची कृती पाठ करावी लागत नाही. तिच्या प्रत्येक पायरीचे कारण त्याचे त्यालाच सापडत जाते.

ही हवा बंदिस्त नळीत शिरते तरी कशी? सर्वांत उघड वाट म्हणजे माणसाचा हात. होज, म्हणजे ब्रेकची रबरी नळी, बदलला, कॅलिपर उघडला, मास्टर सिलिंडरचे रबरी किट नवीन घातले, की त्या त्या जागी हवा भरते. दुसरी वाट टाकीची: पॅड झिजून द्रवाची पातळी उतरली आणि तिकडे दुर्लक्ष झाले, तर टाकीच्या तळाचे भोक उघडे पडते आणि त्यावाटे दांडीच्या प्रत्येक हालचालीबरोबर द्रवाऐवजी हवा आत ओढली जाते. डर्टबाइक पडणे हा तर तिच्या दिनचर्येचाच भाग. टाकीच्या झाकणाखालचा रबरी पडदा धड असेल तर आडव्या पडलेल्या गाडीतही हवा द्रवापासून अलग राहते, पण तो पडदा फाटलेला वा वेडावाकडा बसलेला असेल तर ती खाली उतरते. तिसरी वाट झिजलेल्या सीलची किंवा ढिल्या जोडाची. आणि चौथी वाट अशी आहे की तीत बाहेरची हवा लागतच नाही; नळीतला द्रव स्वतःच वायू निर्माण करतो. या चौथ्या वाटेचा अनुभव मला प्रत्यक्ष घ्यावा लागला.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात भोरहून महाडकडे वरंधा घाट उतरत असताना, ओल्या वळणांच्या धास्तीने मी मागच्या ब्रेकच्या पट्टीवर पाय जवळजवळ अखंड ठेवला होता. अर्धा घाट उतरल्यावर पायाखालची पट्टी एकाएकी पोकळ झाली. कितीही दाबली तरी तिच्या तळाशी काही लागेना. पुढच्या ब्रेकने आणि पहिल्या गिअरने गाडी कशीबशी कठड्याशी उभी केली. अर्ध्या तासाने पट्टी पूर्ववत घट्ट झाली, आणि त्यामुळे प्रकरण मिटले अशी माझी समजूत झाली असती, परंतु महाडला पोहोचल्यावर एका वयस्क मिस्त्रींनी टाकीत डोकावून चहाच्या रंगाचा तो द्रव पाहिला आणि "साहेब, हे किती वर्षांचं?" एवढाच प्रश्न केला. उत्तर चार वर्षांचे होते, आणि सारा कसूर माझा होता.

ब्रेकच्या द्रवाला आपण सर्रास ब्रेक ऑइल म्हणतो. पण तो खनिज तेलांच्या जातीचा नव्हे. तो ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांचा असतो, आणि या रसायनांना पाण्याची विलक्षण ओढ असते. टाकीच्या झाकणातून, रबरी होजच्या भिंतींतून, महिनोन्‌महिने, हवेतील दमटपणा त्यात मुरत राहतो. कोकणच्या किंवा घाटमाथ्याच्या पावसाळ्यात ही क्रिया थांबत नाही हे सांगावयास नकोच. पाणी मुरले की द्रवाचा उत्कलनबिंदू उतरतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याने या द्रवांच्या ज्या प्रती ठरविल्या आहेत, त्यांपैकी आपल्याकडे विशेष प्रचलित असलेल्या डॉट ४ या प्रतीचा कोरडा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० असे आहेत. पट्टीवर विसावलेल्या पायाने पॅड चकतीवर घासत राहतो, उष्णता कॅलिपरमध्ये साठते, द्रव उकळतो आणि वाफेचे बुडबुडे होतात. वाफही वायूच असल्यामुळे दाबाखाली तीही हवेसारखीच दबते. म्हणून पट्टी पोकळ होते. निवल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक परत येतो. बाहेरून शिरलेली हवा मात्र निवल्याने जात नाही, ती काढावीच लागते. हा भेद ज्याने ओळखला त्याला दोन रोगांचे दोन उपचार कळले: वाफ झाली तर सगळा द्रव बदला, हवा शिरली तर ती काढा, आणि एकाच कृतीत ही दोन्ही कामे होतात, हे चालकाचे सुदैव.

कृतीस आरंभ करण्यापूर्वी सामग्रीची तजवीज करून ठेवावी. बहुतेक गाड्यांवर आठ नंबरचा रिंग पाना, कॅलिपरवरील हवा सोडण्याच्या निपलवर घट्ट बसेल अशी फूट-दीड फूट लांबीची पारदर्शक नळी, एक काचेची किंवा प्लास्टिकची बाटली, स्वच्छ फडकी, बादलीभर पाणी आणि ब्रेक द्रवाची सीलबंद बाटली एवढे पुरते. द्रव कोणता घालावयाचा हे टाकीच्या झाकणावरच कोरलेले असते आणि तो हुकूम तंतोतंत पाळावा. डॉट ५ ही प्रत सिलिकोनची असून ती बाकीच्यांत मिसळता येत नाही, डॉट ५.१ हे नाव तिच्या जवळचे वाटले तरी ती ग्लायकॉल वर्गातलीच आहे. इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल यात चुकूनही पडता कामा नये, कारण त्याने आतली रबरे फुगतात आणि सारा ब्रेक निकामी होतो. मागील वर्षी उघडून अर्धी उरलेली बाटलीही वापरू नये. ती उघडल्या क्षणापासून दमट हवा पीत असते. हा द्रव रंग खातो, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर आणि मडगार्डवर ओले फडके अंथरावे, आणि थेंब सांडलाच तर पुसण्यापूर्वी त्यावर पाणी ओतावे. डोळ्यांना तो अत्यंत घातक आहे; चष्मा लावूनच काम करणे शहाणपणाचे.

गाडी स्टँडवर सरळ उभी करून हँडल असे वळवावे की पुढच्या मास्टर सिलिंडरची टाकी समपातळीत येईल. झाकणाभोवतीची माती आधी धुऊन पुसून काढावी; डर्टबाइकच्या बाबतीत या पायरीला विशेष महत्त्व आहे, कारण तेथील एक वाळूचा कण आत पडला तर तो सीलवर ओरखडा काढतो. झाकणाचे दोन स्क्रू मऊ असतात, त्यांच्या खाचेत अचूक बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा. झाकण आणि रबरी पडदा उचलून आतला जुना, काळपट द्रव सुईवाचूनच्या सिरिंजने ओढून घ्यावा, टाकी पुसावी आणि ताजा द्रव भरावा. मग कॅलिपरवरील निपलचे रबरी टोपण काढून आधी त्यावर पाना चढवावा आणि नंतर नळी बसवावी. नळी प्रथम वर नेऊन मग बाटलीकडे वळवावी आणि तिचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या द्रवात बुडवून ठेवावे. वर नेलेल्या वळणामुळे निघालेली हवा परत निपलकडे उतरत नाही, आणि बुडविलेल्या टोकामुळे बाहेरची हवा आत येत नाही.

यापुढचे काम दोघांनी करणे उत्तम. गॅरेजमध्ये मिस्त्री निपलशी बसतो आणि पोऱ्या दांडीशी उभा राहतो, आणि दोघांमध्ये तीनच शब्दांचा व्यवहार चालतो: दाब, धर, सोड. "दाब" म्हणताच दांडी तीन-चार वेळा सावकाश दाबून सोडावयाची. "धर" म्हणताच ती दाबून तशीच रोखून धरावयाची. आता मिस्त्री निपल पाव फेरा ढिला करतो. दाबलेला द्रव बुडबुड्यांसह नळीत उसळतो आणि दांडी हळूहळू मुठीकडे जाते. ती मुठीला टेकत आली की निपल बंद होते, आणि ते बंद झाल्यानंतरच "सोड" हा शब्द उच्चारला जातो. साऱ्या विद्येचा गाभा या क्रमात आहे. निपल उघडे असताना दांडी सोडली, तर मागे येणारा दट्ट्या जी पोकळी करतो ती भरण्यास निपलवाटे आणि त्याच्या आट्यांतून हवा आत धावते, आणि दहा मिनिटांत काढलेले एका क्षणात परत येते. एकट्याने काम करतानाही हाच क्रम राखावयाचा: डावा हात पान्यावर, उजवा दांडीवर, आणि पान्याचा हात पूर्ण थांबल्याशिवाय दांडीचा हात हलवावयाचा नाही.

दांडी वेगाने उपसण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. जलद हालचालीने एक मोठा बुडबुडा फुटून त्याचे शेकडो बारीक बुडबुडे होतात आणि द्रवाला फेस येतो. मोठा बुडबुडा लवकर वर चढतो, फेस मात्र तासन्‌तास रेंगाळतो. प्रत्येक चार-पाच आवर्तनांनंतर टाकीत पाहावे आणि पातळी खालच्या खुणेवर येण्यापूर्वी द्रव घालावा. या एका नजरचुकीने टाकी रिती झाली, तर काम पहिल्यापासून आरंभावे लागते. पारदर्शक नळीतून आधी मळकट द्रव, मग मळकट आणि स्वच्छ असे मिश्रण, आणि शेवटी फिकट सोनेरी रंगाचा, बुडबुड्यावाचूनचा द्रव येऊ लागला, म्हणजे जुना द्रव आणि हवा दोन्ही गेल्याचा दाखला मिळाला.

पण पुष्कळदा असे होते की नळीतून एकही बुडबुडा येत नाही आणि दांडी तरीही मऊच राहते. येथे हवेचा दुसरा गुण आठवावा: ती वर चढते, आणि आपण तिला खालून बाहेर काढू पाहत आहोत. मास्टर सिलिंडर हा पुढल्या ब्रेकचा सर्वांत उंच भाग. तेथे होजला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या वळणाशी हवा अडकून बसते आणि खाली जाणारा सावकाश प्रवाह तिला हलवीत नाही. अशा वेळी हँडल वळवून तो जोड टाकीहून किंचित खाली आणावा, होजवर बोटांनी आणि कॅलिपरवर लाकडी मुठीने हलके टिचके मारावेत, आणि दांडी फक्त सुरुवातीचे काही मिलिमीटर, पुन्हा पुन्हा, नाजूकपणे हलवावी. टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे फुटताना दिसतात. एवढ्यानेही भागले नाही, तर रात्री दांडी रबरी पट्टीने मुठीशी आवळून ठेवावी. दाबाखाली आकसलेले बुडबुडे भिंतींना सोडून वर सरकतात आणि सकाळी पट्टी काढताच टाकीत निसटतात, असा जुन्या कारागिरांचा अनुभव आहे, आणि मलाही त्याचा प्रत्यय आलेला आहे.

याच कारणासाठी उलट्या मार्गाने द्रव भरण्याची रीतही आहे. सिरिंजमध्ये ताजा द्रव घेऊन, तिच्यातील हवा आधी काढून टाकून, ती नळीने निपलला जोडावी आणि द्रव खालून वर, टाकीकडे, सावकाश ढकलावा; हवेला जिकडे जायचेच असते तिकडेच आपण तिला लोटीत असतो. सबंध ब्रेक नव्याने भरावयाचा असेल तेव्हा ही रीत फार सोयीची. मात्र वर टाकी भरून वाहू नये म्हणून तेथे एक डोळा ठेवावा. मागच्या ब्रेकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी. त्याचा मास्टर सिलिंडर उजव्या पायाजवळ, होज मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरून गेलेला, आणि कॅलिपर काही गाड्यांवर अशा कोनात की त्याचे निपल सर्वांत उंच जागी येतच नाही. तेथे कॅलिपर जागेवरून उतरवून, पॅडमध्ये चकतीच्या जाडीचा लाकडी तुकडा घालून, निपल आकाशाकडे येईल असा तो हातात धरावा आणि मग हवा काढावी. लाकूड विसरले आणि पट्टी दाबली, तर दट्टे बाहेर येतील, ही ताकीद ध्यानात असावी.

काम संपले की निपल बेताने आवळावे. ते आतून पोकळ असते, आणि जोराच्या भरात ते मोडले तर एका लहानशा तुकड्यापायी कॅलिपर बदलण्याची पाळी येते. टाकी वरच्या खुणेपर्यंतच भरावी, काठोकाठ नव्हे, कारण तापल्यावर द्रव फुगतो आणि त्याला फुगण्यास जागा उरली नाही, तर तो पॅडना चकतीवर दाबून ठेवतो. रबरी पडदा नीट घडीवर बसवून झाकण लावावे, निपल आणि कॅलिपर पाण्याने धुवावे, चकती स्वच्छ पुसावी. पॅडवर द्रव सांडला असेल तर ते पॅड बदलणेच इष्ट. मग दांडी पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावी आणि प्रत्येक जोड बोटाने चाचपावा. ओल लागली नाही, दांडी जागची सरकली नाही, तर सपाट मैदानावर पायी चालण्याच्या वेगाने पहिली परीक्षा घ्यावी. घाट त्यानंतर.

सगळा मऊपणा हवेच्याच माथी मारणेही योग्य नव्हे. दांडी दाबून धरल्यावर ती हळूहळू खाली बसत जाईल आणि बाहेर कोठेही थेंब दिसणार नाही, तर मास्टर सिलिंडरमधील सील झिजले आहे असे समजावे. तेथे कितीही हवा काढली तरी गुण येणार नाही. जुना रबरी होज दाबाखाली फुगत असेल, तर दांडी किंचित लवचीक लागते. त्याला उपाय नवा होज. पडझडीत चकती वाकली असेल, तर ती फिरताना पॅडना मागे ढकलते आणि त्यामुळे पहिला दाब पोकळ व दुसरा घट्ट लागतो. परंतु दांडी स्पंजासारखी लागते, दोन-तीनदा भराभर उपसल्यावर वर येऊन घट्ट होते आणि थोड्या वेळाने पुन्हा मऊ पडते, अशी लक्षणे दिसली तर निदान बहुधा हवेचेच.

या विद्येत दुर्मीळ असे काही नाही. पाना स्वस्त आहे, द्रवाची बाटली एका वेळच्या पेट्रोलहून महाग नाही, आणि पहिल्या खेपेस दोन तास लागले तरी दुसऱ्या खेपेस अर्धा तास पुरतो. लागते ती सावकाशी, आणि निपल बंद झाल्यावाचून दांडी न सोडण्याची शिस्त. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी ब्रेकचा द्रव बदलण्यास सांगतात. जो चालक चिखलात, पावसात आणि घाटात गाडी घालतो, त्याने ही मुदत वर्षावर आणावी असे माझे मत आहे. द्रव बदलला त्या दिवसाची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती सीटखाली चिकटवून ठेवावी. वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या गाडीची सीट उचलून पाहा. तेथे अशी चिठ्ठी नसेल, किंवा तिच्यावरची तारीख दोन पावसाळ्यांपूर्वीची असेल, तर पुढचा घाट उतरण्यापूर्वी आठ नंबरचा पाना हाती घ्या.